कॉम्प्युटरची उष्णता जाते कुठे?

मे महिन्यातली भिलाईची दुपार. बाहेर पारा ४४ अंशांवर गेलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा दुपारी तिथले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणा. वडील पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. नोकरीची तीस वर्षे ब्लास्ट फर्नेसच्या धगीपाशी गेलेली. आई खाली ओसरीत कूलरसमोर गहू निवडत बसलेली. आणि मुलगी वरच्या मजल्यावर, गच्चीच्या अगदी खाली असलेल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे. ती इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि लग्नाच्या व्हिडिओंचे संपादन करून स्वतःच्या फीचे पैसे स्वतः उभे करते.

लग्नसराईचे दिवस. हातात तीन लग्नांचे काम. आणि नेमका दुपारी तीनच्या सुमारास कॉम्प्युटर अचानक बंद पडतो. पडदा काळा. आठवड्यातली ही तिसरी वेळ.

मुलगी खाली येते. तिने उपाय आधीच ठरवलेला असतो.

"बाबा, कूलिंगच बदलायला हवं. आहे ते लहान पडतंय. मोठा रेडिएटर, वेगळा पंप, नव्या नळ्या, सगळं मिळून पस्तीस हजारांत होईल."

"आताही त्यात पाणीच फिरतं ना?"

"हो."

"मग तापलेलं पाणी गार कुठे होतं?"

"रेडिएटरमध्ये. त्याला पंखे आहेत."

"आणि त्या पंख्यांना हवा कुठली मिळते?"

मुलगी क्षणभर गप्प होते. त्या पंख्यांना हवा मिळते ती त्याच खोलीतली. आणि त्या खोलीचे तापमान दुपारी ४० अंशांच्या वर असते.

वडिलांनी विचारलेला हा साधा प्रश्न, म्हणजे उष्णता शेवटी जाते कुठे, घरच्या कॉम्प्युटरचे वॉटर कूलिंग बदलायला निघालेल्या प्रत्येकाने दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला विचारायला हवा. पस्तीस हजार खर्चायचे की तीन हजारांत भागेल, हे बऱ्याचदा त्याच्या उत्तरावर ठरते.

पाणी उष्णता संपवत नाही, वाहून नेते

पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर म्हटले की पुष्कळांना वाटते, आत फ्रीजसारखे काहीतरी असेल. तसे काही नसते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. त्याच्यावर तांब्याची एक पोकळ चकती घट्ट बसवलेली असते. तिला वॉटर ब्लॉक म्हणतात. एक लहानसा पंप तिच्यातून पाणी फिरवतो. तापलेले पाणी नळीतून रेडिएटरमध्ये जाते. मोटारीच्या पुढच्या भागात असतो तसाच, पातळ पत्र्यांच्या जाळीचा हा रेडिएटर असतो. पंखे त्यातून हवा ढकलतात, पाण्याची उष्णता हवेत जाते आणि निवलेले पाणी पुन्हा प्रोसेसरकडे येते.

या कामाला पाणीच का, याचे उत्तर सोपे आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. म्हणजे थोडेसे पाणी पुष्कळ उष्णता उचलून नेते. प्रोसेसर २०० वॅट उष्णता टाकत असेल आणि मिनिटाला फक्त एक लिटर पाणी त्यावरून जात असेल, तरी ते पाणी जेमतेम ३ अंशांनी तापते.

पण उचलणे वेगळे आणि टाकणे वेगळे. घरातला हमाल कितीही धट्टाकट्टा असला, तरी ओझे ठेवायला जागाच नसेल तर तो काय करणार? पाण्याने उचललेली उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच टाकावी लागते. म्हणून कोणताही रेडिएटर, मग तो कितीही मोठा आणि महाग असो, पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

इथे कोणी म्हणेल, माठातले पाणी तर हवेपेक्षा गार असते! खरे आहे, पण माठ पाझरतो. त्याच्या अंगावरचे पाणी वाफ होऊन उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. घरचा कूलरही ओल्या ताट्यांमधून हवा ओढून हेच करतो. कारखान्याच्या कूलिंग टॉवरमध्येही तेच घडते. कॉम्प्युटरच्या नळ्यांतले पाणी मात्र बंदिस्त असते. ते पाझरत नाही, उडत नाही. त्यामुळे माठाची किमया त्याला साधत नाही.

कारखान्यात जे मोठे, ते घरी छोटे

भिलाईच्या माणसाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. तेव्हापासून हे शहर आग आणि पाणी यांच्या जोडीवर जगत आले आहे. भट्टीत लोखंडाचा रस सुमारे १५०० अंशांवर खदखदत असतो. तिच्या भिंतींमधून रात्रंदिवस पाणी खेळवले नाही, तर भिंतीच टिकायच्या नाहीत. त्यासाठी लागणारे पाणी मरोद्याच्या जलाशयात साठवतात. महानदीवरच्या गंगरेल धरणाचे पाणीही या कारखान्याच्या कामी येते. भट्टीवर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पाणी आणणे हे अर्धेच काम, तापलेले पाणी पुन्हा निववणे हे उरलेले अर्धे.

संगणकाच्या जगातही पाणी नवे नाही. १९६० च्या दशकातच आयबीएमच्या काही मोठ्या संगणकांना थंड करण्यासाठी पाणी वापरले गेले होते. १९८५ साली आलेल्या क्रे-२ या महासंगणकाचे भाग तर वीज न वाहणाऱ्या एका खास द्रवात बुडवूनच ठेवलेले असत. आपल्या पुण्यातही याचे उदाहरण आहे. सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात द्रव थेट तापणाऱ्या भागांवरच्या पट्ट्यांपर्यंत नेऊन उष्णता उचलण्याची पद्धत वापरली आहे. तत्त्व तेच, जे भिलाईतल्या त्या वरच्या खोलीत आहे.

घरच्या कॉम्प्युटरला पाण्याची गरज का पडली, हेही पाहण्यासारखे आहे. १९९३ साली आलेला इंटेलचा पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट वीज घेत असे. आज त्याच कंपनीच्या कोअर आय-९ मालिकेतला १४९००के हा प्रोसेसर भर कामात २५३ वॅटपर्यंत जातो. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटेच ४५० वॅट घेते. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे असा कॉम्प्युटर भर उन्हाळ्यात चालवणे म्हणजे खोलीत पाणी तापवण्याचा लहान हीटर लावून बसण्यासारखेच आहे.

आधी निदान, मग औषध

ताप आला म्हणून कोणी लगेच ऑपरेशन करून घेत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीतही आधी दुखणे ओळखावे. त्यासाठी फारसा खर्च येत नाही.

पहिले काम म्हणजे डेटाची दुसरी प्रत. ज्यांची लग्ने होऊन गेली, ती पुन्हा लागणार नाहीत. कॉम्प्युटर पुन्हा विकत घेता येईल, सप्तपदीचे चित्रण नाही. म्हणून हात लावण्यापूर्वी सगळे काम वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे आणि ती डिस्क कॉम्प्युटरपासून दूर ठेवावी.

दुसरे काम, मोजमाप. प्रोसेसरचे तापमान दाखवणारे मोफत प्रोग्राम मिळतात. भिंतीवर टांगायचा साधा तापमापक दोन-तीनशे रुपयांत येतो. तो कॅबिनेटच्या, म्हणजे डब्याच्या, हवा आत शिरते त्या बाजूला ठेवावा. सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता कॉम्प्युटरला तेच काम अर्धा तास द्यावे आणि दोन्ही वेळी खोलीचे आणि प्रोसेसरचे तापमान वहीत लिहून घ्यावे. दोन्हींतला फरक काढावा.

समजा, सकाळी खोली २९ अंश आणि प्रोसेसर ७९ अंश. फरक ५०. दुपारी खोली ४१ आणि प्रोसेसर ९१. फरक पुन्हा ५०. याचा अर्थ कूलिंग दुपारीही तेवढेच काम करते आहे, खोलीच तापली आहे. दोष रेडिएटरचा नाही, खोलीचा आहे. याउलट, गेल्या वर्षी फरक ४० होता आणि यंदा त्याच कामाला तो ५५ झाला असेल, तर कूलिंगमध्ये काहीतरी बिघडले आहे: धूळ, सुकलेली पेस्ट किंवा थकलेला पंप.

बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतात. तरीही भागले नाही तर कॉम्प्युटर बंद करतात. तो बंद पडतो तो आपल्याला त्रास द्यायला नव्हे, जीव वाचवायला.

तिसरे काम, साफसफाई. कारखान्याचे शहर आणि उन्हाळ्याचा फुफाटा, त्यामुळे रेडिएटरच्या जाळीत धुळीची गोधडीच जमते. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने आणि हवेच्या ब्लोअरने ती काढावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरून पंखा खराब होतो. उन्हाळ्यात हे काम महिन्यातून एकदा करावे.

चौथे काम, थर्मल पेस्ट. प्रोसेसर आणि वॉटर ब्लॉक यांच्यामध्ये लावलेला हा लेप काही वर्षांत सुकतो. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा वाटाण्याएवढा ठिपका द्यावा. जास्त लावल्याने जास्त थंडावा मिळत नाही.

पाचवा उपाय पूर्ण फुकट. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची वीज मर्यादित करता येते. २५३ वॅटऐवजी १८० वॅटची मर्यादा घातली, तर काम थोडेसेच मंदावते, पण उष्णता जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरते. मे-जूनपुरती ही तडजोड करायला काय हरकत आहे? रात्रीच्या गार वेळी कॉम्प्युटरला मोठी कामे लावून देणे हाही त्यातलाच शहाणपणा.

खोलीचा हिशेब

आता खोलीकडे वळू. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: खोली एका अंशाने उतरली की प्रोसेसरही जवळपास एका अंशाने उतरतो. लहान रेडिएटर काढून मोठा लावला तर साधारण चार-सहा अंशांचा फायदा होतो. गच्चीखालची खोली ४१ वरून ३१ वर आणली, तर फायदा दहा अंशांचा.

छत्तीसगड आणि विदर्भातला मे महिना कोरडा असतो. अशा हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलीला दहा-बारा अंशांनीही उतरवू शकतो. अट एकच. समोरची खिडकी किंवा झरोका उघडा हवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला, की थोड्या वेळात खोली दमट होते आणि गारवा संपतो. कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवला, तर दोन कामे होतात: कॉम्प्युटरची गरम हवा सरळ बाहेर जाते आणि कूलरची हवा खेळती राहते.

मात्र कॉम्प्युटर कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर बारीक तुषार येतात आणि क्षारांचे पाणी असेल तर ते सुकून आतल्या भागांवर पांढरी पुटे धरतात. तीन-चार हातांवर, बाजूला ठेवावा. जुलैत पाऊस सुरू झाला की हवाच ओली असते. मग कूलर जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो आणि दमटपणा तेवढा वाढवतो. तेव्हा त्याचा पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा.

आणखी एक खबरदारी, जी कॉम्प्युटरपेक्षा महत्त्वाची आहे. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. घराचे अर्थिंग एकदा चांगल्या वायरमनकडून तपासून घ्यावे. उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसून माणसे दगावतात. कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्यालाही त्याच अर्थिंगचा आधार असतो.

ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांच्यासाठीही हिशेब सोपा आहे. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५,२०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्यापुढे कॉम्प्युटरचे पाचशे-सहाशे वॅट म्हणजे त्याचा जेमतेम नववा हिस्सा.

बदलायचेच असेल तर

हे सगळे करूनही भागले नाही, किंवा कूलिंगचा संच पाच-सहा वर्षांचा होऊन पंप कुरकुरू लागला, तर मात्र बदल करावा. बंद संचातले पाणीही रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षे अगदी सूक्ष्म प्रमाणात उडत राहते आणि आत हवेचे बुडबुडे वाढतात. पंपातून खळखळ ऐकू येऊ लागली, तर ती त्याचीच खूण समजावी.

तीन वाटा आहेत. पहिली वाट चांगल्या एअर कूलरची. तांब्याच्या नळ्या आणि पत्र्यांचा हा मनोरा, त्याला एक-दोन पंखे. दोन-चार हजारांत चांगला मिळतो. पंप नाही, पाणी नाही, गळतीची भीती नाही. दीडशे वॅटपर्यंतच्या प्रोसेसरला तो छान पुरतो. पाण्याचा संच काढून पुन्हा हवेवर येणे म्हणजे मागे जाणे, असे मुळीच नाही.

दुसरी वाट कारखान्यातच भरून, बंद करून आलेल्या संचाची. याला बाजारात एआयओ म्हणतात. दोन पंख्यांचा २४० मिलीमीटरचा आणि तीन पंख्यांचा ३६० मिलीमीटरचा, असे दोन मुख्य आकार. साधारण पाच हजारांपासून पंधरा हजारांच्या पुढेपर्यंत किमती असतात. घेण्यापूर्वी कॅबिनेटमध्ये तेवढा रेडिएटर मावतो का, हे टेपने मोजूनच पाहावे. दुकानदाराच्या 'बसेल हो'वर विसंबू नये. वॉरंटी किती वर्षांची आहे आणि गळती झाल्यास इतर भागांच्या नुकसानीची जबाबदारी कंपनी घेते का, हे लेखी पाहावे.

तिसरी वाट सुटे भाग जोडून स्वतः तयार केलेल्या संचाची. पंप, टाकी, ब्लॉक, रेडिएटर, नळ्या, सांधे असे सगळे वेगवेगळे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकाच पाण्याने थंड करता येतात, आवाज कमी होतो, भाग एकेक करून बदलता येतात आणि दिसतेही देखणे. पण खर्च तीस हजारांच्या पुढे सहज जातो आणि दर वर्षी पाणी बदलण्याचे, सांधे तपासण्याचे काम मागे लागते. ज्याला या कामाची हौस आहे त्यानेच या वाटेला जावे. ज्याची रोजीरोटी कॉम्प्युटरवर आहे आणि हाताशी दुसरा कॉम्प्युटर नाही, त्याने दहादा विचार करावा.

बसवताना

रेडिएटर शक्यतो कॅबिनेटच्या वरच्या भागात बसवावा. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जमते. ती रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात जमली तर बिघडत नाही. पंपात शिरली तर पंप खळखळतो आणि लवकर जातो. म्हणून पंप कधीही सर्वांत उंच जागी येऊ देऊ नये.

तांबे आणि ॲल्युमिनियम या दोन धातूंना एकाच पाण्यात आणले की ॲल्युमिनियम हळूहळू झिजू लागते. बंद संचात हे रोखणारे रसायन कंपनीने आधीच घातलेले असते. सुटे भाग घेताना मात्र ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच घ्यावा.

संच जोडून, पाणी भरून झाले की लगेच कॉम्प्युटर सुरू करण्याचा मोह आवरावा. आधी फक्त पंपाला वीज द्यावी, बाकी काहीही सुरू करू नये. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवावा आणि पंप चोवीस तास फिरू द्यावा. कागदावर एक थेंब जरी दिसला, तरी सांधा पुन्हा बसवावा. हे चोवीस तास वाचवण्याच्या नादात पुष्कळांनी मदरबोर्ड गमावले आहेत. बंद संचाला ही परीक्षा लागत नाही, पण पहिल्या दिवशी लक्ष ठेवलेले बरे.

पंपाची वायर मदरबोर्डवर पंपासाठी दिलेल्या जागीच लावावी आणि पंप थांबला तर इशारा मिळेल, अशी सेटिंग करावी. सगळे सुरू झाल्यावर पाण्याचे तापमान दिसत असेल तर ते साधारण ६० अंशांच्या आत राहते ना, हे पाहावे. पंप आणि नळ्या बहुधा तेवढ्यासाठीच केलेल्या असतात. पाणी ५० अंशांचे झाले म्हणून घाबरू नये. जर्मनीत म्युनिकजवळ २०१२ साली सुरू झालेला सुपरएमयूसी हा महासंगणक तर मुद्दाम कोमट-गरम पाण्यानेच थंड केला जात असे आणि त्या पाण्याची ऊब हिवाळ्यात इमारतींना दिली जात असे. पाणी प्रोसेसरपेक्षा थंड असले की झाले, बर्फासारखे असायला नको.

नळाचे पाणी नको, बर्फ तर नकोच

सुट्या संचात नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी कधीही घालू नये. किटलीच्या तळाशी क्षारांचा थर बसतो, तसाच थर ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत बसतो आणि वाट बुजते. या कामासाठी मिळणारा तयार कूलंट घ्यावा, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये शेवाळ आणि गंज रोखणारे औषध कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे पाणी स्वस्त पडते म्हणून नेहमीसाठी तेच घालत राहू नये. त्याचा दर्जा प्रत्येक बाटलीला वेगळा असू शकतो. रंगीत पाणी दिसायला सुरेख, पण काही रंगांचा गाळ खाचांत बसतो. नळ्यांवर थेट ऊन पडू देऊ नये, शेवाळ धरते.

आणि जुगाड! आपल्याकडे याची कमतरता नाही. घरच्या कूलरचा छोटा पंप, मोटारीचा जुना रेडिएटर किंवा माशांच्या टाकीचा पंप लावून कॉम्प्युटर थंड करणारे हौशी लोक जगभर होऊन गेले. बाजारात तयार संच सहज मिळत नव्हते त्या काळात ते समजण्यासारखे होते. आज कूलरच्या टाकीतले उघडे पाणी ब्लॉकमधून फिरवणे म्हणजे धूळ, शेवाळ आणि क्षार यांना घरी बोलावणे. टाकीत बर्फ टाकणे तर त्याहून घातक. नळ्या आणि ब्लॉक हवेपेक्षा फार थंड झाले की, थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसे मदरबोर्डवर थेंब जमतात. गळती नसतानाही पाणी विजेपर्यंत पोचते.

पस्तीस हजारांचे काय झाले?

पुन्हा त्या घरी येऊ. मुलीने दोन दिवस वहीत आकडे लिहिले. सकाळी आणि दुपारी फरक जवळजवळ सारखाच निघाला. वडिलांनी रेडिएटर उघडून पाहिला, तर जाळीत बोटभर जाड धूळ. ती काढली, नवी पेस्ट लावली, तेव्हा सात अंश उतरले. मागच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसला. खालचा जुना कूलर वर गेला, पण झोतापासून दूर. प्रोसेसरची मर्यादा जूनअखेरपर्यंत १८० वॅट. सगळा खर्च तीन हजारांच्या आत.

"मग वॉटर कूलिंग बदलायचंच नाही?" मुलीने विचारले. तिचा चेहरा थोडा उतरलेला होता. नव्या नळ्यांचे चित्र तिच्या मनात बसले होते.

"बदलू की," वडील म्हणाले. "पंप सहा वर्षांचा झालाय, तो थांबण्याची वाट बघायची नाही. भट्टीवरही आम्ही पंप बंद पडायची वाट बघत नव्हतो. लग्नसराई संपली की आहे त्याच मापाचा नवा बंद संच घे. आपण दोघं मिळून बसवू. उरलेल्या पैशांतून एक चांगली हार्ड डिस्क घे. लोकांची लग्नं तुझ्याकडे एकाच डब्यात पडून आहेत, त्याची मला जास्त काळजी वाटते."

आई जिन्यावरून हे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "आणि माझा कूलर?"

दुसऱ्या दिवशी खालच्या ओसरीसाठी नवा कूलर आला. तो धरूनही खर्च पस्तीस हजारांच्या बराच आत राहिला.

हे घर काल्पनिक असले, तरी त्यातला हिशेब कोणत्याही घराला लागू पडतो. वॉटर कूलिंग ही चांगली सोय आहे आणि योग्य वेळी तिच्यावर केलेला खर्च वाया जात नाही. पण पाणी फक्त वाहून नेते. उष्णतेला घराबाहेरची वाट आपणच करून द्यावी लागते. ती वाट आधी मोकळी करा, आकडे वहीत लिहा, महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत काढून ठेवा. त्यानंतरही नवा संच घ्यावासा वाटला, तर खुशाल घ्या. तेव्हा तो हौसेने घेतलेला असेल, घाबरून नव्हे.